दहा शितं वर येईपर्यंत

माझ्या बायकोला जाऊन शनिवारी वर्ष होणार होतं, आणि बुधवारी तिच्या थोरल्या बहिणीनं मी केलेलं शिक्ये, म्हणजे भाताचं गोड पेय, मोरीत ओतून दिलं.

पिलसुनताई सांगजूहून बसनं आल्या होत्या, श्राद्धाच्या पानाला लागणारा सुका मासा घेऊन. मी मोठ्या उत्साहानं वाटी पुढे केली. त्यांनी चमचा बुडवला, तळ ढवळला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी, हे काय आहे?"

"शिक्ये."

"हे साखर घातलेलं भाताचं पाणी आहे. शितं कुठायत?"

"तळाशी आहेत की."

"तळाशी! शिक्येची शितं तरंगतात. ही बुडालीयत दगडासारखी." आणि गेलं मोरीत.

आमचं येचॉन गावात सार्वजनिक न्हाणीघर आहे. छत्तीस वर्षं खाली बॉयलर मी पेटवला आणि वर गल्ल्यावर हेवॉनची आई बसली. हेवॉन आमची मुलगी. न्हाऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाला बायकोच्या हातचं गार शिक्ये लागायचं, उकडलेल्या अंड्याबरोबर. लोक सांगायचे, योमच्या, म्हणजे माझ्या, न्हाणीघरात पाणी बरं आहे, पण जायचं ते शिक्येसाठी. मी ते छत्तीस वर्षं प्यायलो. कसं करतात ते एकदाही विचारलं नाही. ती मला कुठे बॉयलरबद्दल विचारायची?

तर ताईंनी खुर्ची ओढली आणि निकाल सांगितला.

"जिनं जन्मभर अख्ख्या गावाला शिक्ये पाजलं, तिच्या पानावर तुम्ही हे ठेवणार? शनिवारी संध्याकाळी सहाला पान मांडायचं आहे. तोवर धड शिक्ये झालं तर झालं. नाही तर माझ्या बहिणीचा, जॉमसुनचा फोटो मी सांगजूला घेऊन जाते. यंदापासून तिचं श्राद्ध माझ्या घरी."

"ताई, तिचं घर हे आहे."

"पान जिथं मांडतात तिथं माणूस येतं. तिला उपाशी परत पाठवू का?"

मी हेवॉनला बुसानला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मावशीचं खरं आहे. तुम्ही एकटे किती करणार? दुकानात डब्यातलं मिळतं, नाही तर होऊ दे श्राद्ध मावशीकडे." पोरीचा आवाज थकलेला होता. मी फोन ठेवला. पण हेवॉनची आई या घरची, आणि आपण तिला सांगजूला भेटायला जायचं, हे माझ्या डोक्यात बसेना.

चूक काय झाली ते मला कळत नव्हतं. मी मोड आणून वाळवलेल्या जवाचं पीठ आणलं होतं, कोमट पाण्यात कुस्करून गाळलं होतं, वरचं निवळ पाणी भातावर ओतलं होतं. पाकिटावर लिहिलंय तसंच. पुढे लिहिलं होतं, पाच तास उबेत ठेवा. आता मी बॉयलरवाला माणूस. उबेत काय होतं? काही नाही होत. मी मोठ्या जाळावर चांगलं अर्धा तास खळखळा उकळलं होतं, म्हणजे पाच तासांचं काम अर्ध्या तासात.

गुरुवारी पुन्हा केलं. या वेळी भाताच्या विजेच्या, बोलणाऱ्या कुकरमध्ये, कारण बायको कुकरमध्येच करायची एवढं मला आठवत होतं. ऊब धरायचं बटण दाबलं. कुकरमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "ऊब धरायला सुरुवात करत आहे." तासाभरानं झाकण उघडून बोट घातलं. नुसतं गरम. उकळी नाही, वाफ नाही. म्हटलं, ही बाई कामचुकार आहे. भात शिजवायचं बटण दाबलं आणि खाली बॉयलरकडे गेलो. वर आलो तेव्हा जवाचं पाणी वाफेच्या भोकातून फेसाळून कुकरभर, ओट्यावर, भिंतीवर गेलेलं. कुकरमधली बाई अर्धं वाक्य बोलली आणि कायमची गप्प झाली.

शुक्रवारी सकाळी मी गल्ल्यावर तोंड पाडून बसलो होतो. कू मास्तर आले. गावच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, रोज सकाळी नऊला येतात आणि गरम कुंडात बसून पेपर वाचतात. पेपर भिजतो, तरी वाचतात.

"काय योम, बॉयलर गेला का?"

मी सगळं सांगितलं. मास्तर हसत सुटले. मग माझा चेहरा बघून थांबले.

"तू त्यांना मारलंस, बाबा."

"कोणाला?"

"विकरांना. चल आत, कपडे काढ, सांगतो."

कुंडात आधीच शिम आजोबा बसले होते. वय ब्याऐंशी, जन्मभर बस चालवली, त्यामुळे अजूनही सगळ्यांशी मागे न वळता बोलतात. मास्तरांनी मला माझ्याच स्वयंपाकघरातून गार भाताचा गोळा आणायला लावला आणि त्यातला घास आजोबांच्या हातावर ठेवला.

"चावा. गिळायचं नाही. शंभर वेळा."

"माझे दात खोटे आहेत."

"थुंकी खरी आहे ना? चावा."

आजोबा चावत राहिले. मास्तर मोठ्यानं मोजत होते. साठाच्या पुढे आजोबांचे डोळे मोठे झाले.

"गोड लागतंय!"

"लागणारच. तुमच्या थुंकीत विकर आहे. तो भातातला पिष्ट पदार्थ फोडून साखर करतो. तोच धंदा शिक्येत चालतो, फक्त तिथला विकर जवाचा."

"मग मी भांड्यात थुंकू का? योमचं काम होईल."

"आजोबा!" मी म्हटलं.

"मदत करत होतो," आजोबा म्हणाले आणि उरलेला घास गिळून टाकला.

मास्तर आता रंगात आले होते. त्यांनी भिजलेला पेपर बाजूला ठेवला. "हे बघ योम. जवाच्या दाण्यात भरपूर पीठ साठवलेलं असतं. पण मोड फुटला की त्या कोंबाला पीठ खाता येत नाही, त्याला साखर लागते. म्हणून दाणा विकर बनवतो. आपण तो दाणा वाळवतो, दळतो आणि त्याचे कामगार आपल्या भाताला जुंपतो. प्रत्येक जिवंत पेशीत असे हजारो तऱ्हेचे कामगार असतात. तुझ्या, माझ्या, या कोपऱ्यातल्या शेवाळाच्या. आणि प्रत्येकाला एकच काम येतं. भात फोडणाऱ्यापुढे अंडं ठेव, हात लावणार नाही."

"म्हणजे सरकारी कचेरीतला माणूस," आजोबा म्हणाले.

"पण एका क्षणात शेकडो वेळा तेच काम करतो, आणि स्वतः खर्च होत नाही."

"मग सरकारी नाही."

"ते जिवंत असतात का?" मी विचारलं.

"नाही. पण ते नसतील तर जिवंत काही नाही. सकाळची पेज पोटात वर्षानुवर्षं तशीच पडून राहील. विकर म्हणजे एक घडी घातलेली वस्तू आहे, समज. त्या घडीत तिचं कसब. अति तापवलं की घडी विस्कटते. तू रोज अंडी उकडतोस. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं झालेलं पाहिलंयस?"

"नाही."

"तसंच. आपल्या अंगातले सदतीस अंशांना खूष असतात. जवाचे जरा दांडगे, त्यांना साठ ते पासष्ट आवडतं. त्याच्या फार वर नेलंस की संपले. तू शंभरावर नेलंस, तेही दोनदा."

मला वाटलं होतं उष्णता म्हणजे जोर. जास्त लाव, जास्त काम होतं. माझा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

आणि मग मला दुसरंच काही आठवलं. मी म्हटलं, "मास्तर, हेवॉनच्या आईला शेवटी कॅप्सूल होत्या. जेवणाबरोबर घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले होते, स्वादुपिंड काम करत नाही, त्याचं काम या करतील."

"हो. विकरच असतात त्यात."

"तिला गिळवत नव्हत्या. नर्स म्हणाली, उघडून अन्नात घाला. मी हाडांच्या सूपमध्ये घालायचो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "गार सूपमध्ये?"

"मी गार काही देत नाही. उकळतं. मातीच्या भांड्यात, रोज सकाळी."

मास्तर खोटं बोलणारा माणूस नाही, ही त्यांची अडचण आहे. त्यांनी भिजलेला पेपर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, "गार होऊ दिलं असतंस तर बरं झालं असतं." मी उठलो आणि खाली बॉयलरकडे गेलो. दिवसभर तिथंच होतो.

शनिवारी सकाळी दहाला मास्तर स्वतः खाली आले. "कुकर गेला. मग पाच तास पासष्ट अंश कुठे धरणार?"

मी विचार केला. शेगडीवर धरता येत नाही. पांघरुणात गुंडाळलं तर निवतं. मग माझ्या लक्षात आलं की मी त्यावरच बसलोय. पुरुषांच्या बाजूला आमची कोरडी गरम खोली आहे. लाकडी बाकं, भिंतीला तापमापक. एरवी ती पंच्याऐंशीला असते. ती मला वाटेल त्या अंशावर नेता येते, हात फिरवून अंश सांगू शकतो मी.

अकराच्या आधी भात आणि जवाचं निवळ पाणी मोठ्या स्टीलच्या भांड्यात घालून, आधी हळू गरम करून, गरम खोलीच्या वरच्या बाकावर ठेवलं. खोली पासष्टला आणली. दारावर कागद लावला : आज खोली शिक्येसाठी.

शनिवार होता, गर्दीचा दिवस. पंधरा मिनिटांत आरडाओरडा सुरू झाला.

"योम! ही गरम खोली आहे की गोधडी?"

"मला घाम येत नाहीये, फक्त कंटाळा येतोय!"

"बाकावर भांडं बसलंय, मी कुठे बसू?"

"त्याच्या शेजारी बसा," शिम आजोबा म्हणाले. ते स्वतःहून पहाऱ्यावर बसले होते, डोक्यावर टॉवेल, हातात पळी. "आणि दार लावा. ऊब जाते. आत पोरं काम करतायत."

कोणाची पोरं, असं एकानं विचारलं. मग आजोबांनी त्याला विकर समजावून सांगितले. मास्तरांच्या मते त्यात बारा चुका होत्या, पण त्या माणसानं तासभर तक्रार केली नाही.

एकला झाकण उघडलं. शितं तळाशी. दोनला, तळाशी. तीनला एक शीत वर आलं आणि पुन्हा गेलं. आजोबा म्हणाले, श्वास घ्यायला आलं असेल. मास्तर म्हणाले, "पीठ आतून निघून जातं, शीत पोकळ आणि हलकं होतं, मग तरंगतं. थांबा." थांबणं हे माझं काम नाही. माझा हात दोनदा खोलीची ऊब वाढवायच्या चावीकडे गेला आणि दोनदा मास्तरांनी त्यावर थप्पड मारली.

चारला हेवॉन बुसानहून आली आणि वर पानाची तयारी करायला लागली. सव्वाचारला पिलसुनताई आल्या आणि भांडं कुठे आहे ते हेवॉनकडून कळताच सरळ पुरुषांच्या बाजूच्या पडद्यापाशी उभ्या राहिल्या.

"भावोजी! किती आली वर?"

"चार!" आतून आजोबा ओरडले.

"तुम्हाला नाही विचारलं! तुम्ही कोण?"

"मी पहारेकरी!"

"भावोजी, आमच्या आईच्या हिशोबानं दहा शितं वर आली की झालं. दहा म्हणजे दहा. दुसऱ्याच्या डोळ्यांनी मोजलेली मला चालत नाहीत."

"ताई, मग भांडं बाहेर आणू का?"

"आणि निववू? तुम्हाला अजून अक्कल आलीच नाही. मीच येते."

"ताई, आत माणसं आहेत!"

"मी तीन मुलगे वाढवलेत आणि एक नवरा पुरलाय. तुमच्यात नवीन काय असणार?"

पडदा हलला. मी अर्ध्या चड्डीत होतो, माझं निभावलं. बाकीचे सात जण, मास्तर धरून, एका उडीत गरम कुंडात गेले. नुसती डोकी वर. ताईंनी कोणाकडेही पाहिलं नाही. एक प्लास्टिकचं स्टूल घेतलं, गरम खोलीच्या दारात मांडलं, कुंडाकडे पाठ केली, भांड्याचं झाकण उघडलं आणि नजर पाण्यावर लावली.

"पाच," त्या म्हणाल्या.

कुंड त्रेचाळीसला होतं. पाच मिनिटं ते छान वाटतं. दहा मिनिटांनी माणूस उठतो. इथं उठायची सोय नव्हती.

"बाई," मास्तर कुंडातून अदबीनं म्हणाले, "आपण जरा बाहेर थांबलात तर..."

"सहा. मी पाठ केलीय. या बाहेर खुशाल."

कोणी हललं नाही. शिक्षक, पोस्टमास्तर, तांदळाच्या गिरणीचा मालक, सगळे लाल होत चालले होते. मी घाईनं कुंडात गार पाणी सोडलं.

"सात."

"योम," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आमच्या विकरांचा विचार कर रे. सदतीस म्हणालो होतो मी, सदतीस."

"आठ. कोण बोलतंय सारखं? भावोजी, हे लोक नेहमी एवढे बोलतात?"

"नऊ!" गरम खोलीतून आजोबा ओरडले. ते आतच अडकले होते, टॉवेल डोक्यावरून काढून योग्य जागी धरून.

"नऊ," ताईंनी मान्य केलं.

मग नऊवरच राहिलं. एक मिनिट, दोन, तीन. कुंडात कोणी देवाचं नाव घेतलं. मी ताईंच्या मागे उभा राहून पाण्यात बघत होतो. गढूळसर पांढरं पाणी, त्यावर नऊ शितं आडवी पडलेली. पाच वाजायला दहा मिनिटं होती. मला वाटलं, नऊवर ही बाई फोटो घेऊन जाणार. नेईलच. ती तशीच आहे.

दहावं शीत बाजूनं आलं, भांड्याच्या कडेनं, हळूच. आणि त्याच्या मागून एकदम पंधरा-वीस.

ताई उठल्या. स्टूल जागेवर ठेवलं. "भांडं वर आणा," त्या म्हणाल्या आणि पडद्याबाहेर गेल्या. मागे कुंडातून सात माणसं उकडलेल्या कोळंबीसारखी बाहेर पडली.

स्वयंपाकघरात ताईंनी शितं गाळून घेतली, गार पाण्यात धुतली, थोडी आमच्या वाट्यांसाठी बाजूला ठेवली. पानावर फक्त तीच ठेवायची असतात, पाणी नाही. उरलेल्या पाण्यात आल्याचे काप आणि साखर घातली आणि भांडं शेगडीवर ठेवलं.

"आता उकळा."

मी काडी हातात घेऊन उभा राहिलो. ती पेटवता येईना.

"काय झालं? दोनदा नको तेव्हा उकळलंत, आता उकळायचं तर हात पुढे येईना?"

"मरतील ते, ताई. जवाचे कामगार."

"त्यांचं काम झालंय. आता थांबवलं नाही तर उद्या आंबट होईल. जॉमसुनसुद्धा उकळायची." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "भावोजी?"

मी सांगितलं. कॅप्सूल, सूप, मातीचं भांडं. बोलताना मी शेगडीकडेच बघत होतो.

ताईंनी माझ्या हातातली काडी घेतली आणि स्वतः शेगडी पेटवली.

"तिला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तिनं नर्सला विचारलं होतं. तुम्ही खाली बॉयलर पेटवायला गेलात की ती डब्यातल्या दुसऱ्या कॅप्सूल काढायची आणि गार भोपळ्याच्या पेजेत घालून चमच्यानं घ्यायची. इथं आले की मी स्वतः ती पेज करून ठेवत होते. मी म्हटलं, अगं सांग त्याला. म्हणाली, नको, पहाटे उठून सूप करतो तो. सूप चांगलं असतं."

मी भांड्यात पळी घातली.

"छत्तीस वर्षं जिनं तुमची एकही चूक सोडली नाही, तिला ही दिसली नसेल असं वाटलं तुम्हाला?" ताई म्हणाल्या. "ढवळा. बुडाला लागेल."

मी ढवळत राहिलो. आल्याचा वास घरभर झाला. हेवॉन दारात येऊन उभी राहिली, वास घेतला आणि परत गेली. मी तिच्यामागे गेलो नाही. ढवळायचं काम माझ्याकडे होतं.

सहाला आम्ही पान मांडलं. भात, सूप, भाज्या, सगळं मिरची-लसणाशिवाय. सुका मासा डाव्या टोकाला. उजव्या टोकाला शितांची वाटी, वर एक लाल बोर. ती वाटी ताईंनी स्वतः ठेवली, दोनदा सरळ केली. मी घराचं दार उघडं ठेवलं. आम्ही वाकलो. मग रीतीप्रमाणे तिला निवांत जेवता यावं म्हणून बाहेर येऊन उभे राहिलो, पाठ करून.

खाली जिन्यात कू मास्तर आणि शिम आजोबा बसले होते, अजून लालच होते.

"झालं का?" आजोबांनी हळूच विचारलं.

"जेवतेय," ताई म्हणाल्या. "आवाज करू नका."

नंतर सगळ्यांना शिक्ये दिलं. अजून गार झालं नव्हतं, तसंच प्यायलो. बायकोच्या हातचं होतं तसं ते नव्हतं. आलं जास्त झालं होतं. पण शितं वाटीत वर होती.

ताईंनी दोन वाट्या घेतल्या. मग चपला घातल्या. फोटोकडे त्यांनी हात नेला नाही.

"पुढच्या वर्षी सकाळी सातला लावा," त्या म्हणाल्या. "म्हणजे चारच्या आत होईल. आणि नवा कुकर घ्या, त्या बाईचं ऐका. मला पुन्हा त्या म्हाताऱ्यांत बसवू नका."

"बाई, पुढच्या वर्षी आम्ही कुंड अडतीसला ठेवू," जिन्यातून मास्तर म्हणाले.

"ठेवा," ताई म्हणाल्या आणि शेवटच्या बससाठी निघाल्या.